पिकोस दे युरोपा : गुराख्यांनी पाडलेल्या वाटा

इंदूरच्या ट्रेकरच्या डोळ्यांसमोर डोंगर येतो तो काळ्या कातळाचा. पाताळपाणी, चोरल, जानापाव, सगळा बेसॉल्टचा मुलूख; पावसाळ्यात त्यावरून पाणी धो-धो वाहतं. उत्तर स्पेनमधल्या पिकोस दे युरोपा रांगेत जायचं असेल तर ही सवय आधी सोडावी लागते. तो डोंगर चुनखडकाचा आहे. किंचित आम्ल असलेलं पावसाचं पाणी हा खडक विरघळवत भेगांतून थेट पोटात शिरतं. तिथलं ‘तोर्का देल सेर्रो’ हे विवर १५८९ मीटर खोल आहे. पाऊस भरपूर, पण उंचावरच्या उघड्या खडकात ओढा शोधून सापडत नाही.

अशा ठिकाणी झरा कुठे आहे हे ज्यांना ठाऊक होतं, तेच तिथे टिकले. उन्हाळा लागला की गाई, मेंढ्या, शेळ्या घेऊन गुराखी वरच्या कुरणांवर जात आणि पाण्याच्या आसपास दगडी खोपटी बांधून राहत. रोजचं दूध खाली पोचवणं शक्य नव्हतं, म्हणून ते वरच चीज करत. निळ्या बुरशीचं काब्रालेस चीज मुरतं ते इथल्या थंड, दमट गुहांत, आणि त्या गुहा कोरल्या आहेत त्याच झिरपणाऱ्या पाण्याने.

मल्हारराव होळकर धनगर घराण्यातले, तेव्हा कळपामागच्या आयुष्याबद्दल इंदूरच्या मराठी माणसाला आपुलकी असणारच. आपले धनगर पावसाळ्यात देशावरच्या माळावर असतात आणि पाऊस सरला की घाट उतरून कोकणात जातात. पिकोसमध्ये ही भटकंती डोंगरावर चढण्या-उतरण्याची, बर्फ आणि गवत पाहून चालणारी.

गिर्यारोहणाच्या इतिहासात ५ ऑगस्ट १९०४ हा दिवस ठळक आहे. २५१९ मीटर उंचीच्या नारांखो दे बुल्नेस या सुळक्यावर त्या दिवशी पहिल्यांदा माणूस पोचला. उमराव पेद्रो पिदाल यांनी लंडनहून दोर आणला होता. पण पुढे राहून, अनवाणी पायांनी वाट काढली ती काईन गावच्या ग्रेगोरिओ पेरेस या गुराख्याने. या चढाईच्या हकिकतीत पिदाल यांचं नाव आधी घेतात. मला हा क्रम अन्यायाचा वाटतो.

पिदाल यांचं पुढचं काम मात्र खरोखर मोठं. त्यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि २२ जुलै १९१८ रोजी याच रांगेचा पश्चिम भाग कोवादोंगा या नावाने स्पेनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला. १९९५ मध्ये उद्यान रांगेच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व अशा तिन्ही भागांवर पसरलं आणि त्याला रांगेचं नाव मिळालं.

सर्वांत गर्दीची वाट कारेस नदीच्या घळीतली, पोन्सेबोस ते काईन, साधारण १२ किलोमीटर. तिचं आजचं रूप गुराख्यांचं नव्हे. वीजनिर्मितीसाठी कड्यातून कालवा खोदला, नंतर १९४० च्या दशकात त्याच्या देखभालीसाठी ही वाट फोडली. वर कुरणांकडे जाणाऱ्या वाटा मात्र आजही कळपांच्याच. कळप कमी झाले तशी तिथे झुडपं माजतात आणि वाट हरवते; धुक्यात तर चुनखडकाच्या खोलगटांमध्ये दिशाच कळत नाही.

दर २५ जुलैला एनोल सरोवराजवळच्या कुरणात गुराख्यांचा मेळा भरतो. चराईची व्यवस्था पाहणारा कारभारी ते तिथेच, भर सभेत निवडतात.