लाल झगा टिकतो, गालांची लाली उडते

लॉर्ड मॅन्सफील्ड हे १७५६ ते १७८८ इतकी वर्षं इंग्लंडच्या किंग्ज बेंच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही असा १७७२ चा समरसेट खटल्यातला निकाल त्यांचाच. १७८५ मधे त्यांचं पोर्ट्रेट केलं जोशुआ रेनॉल्ड्स यांनी, म्हणजे लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या पहिल्या अध्यक्षांनी. त्या काळात मोठ्या माणसांनी यांच्यासमोर बसायचं हे ठरलेलंच होतं, पण रेनॉल्ड्सच्या कितीतरी पोर्ट्रेटमधले चेहरे आज भुतासारखे पांढरे दिसतात, आणि काही तर रेनॉल्ड्स जिवंत असतानाच फिके पडायला लागले होते!

आता हे का होतं ते बघू. ऑइल पेंट वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं असं आपल्याला वाटतं, पण त्यात पाणी नसतंच. ते असतं जवसाचं तेल, आपण बॅटला लावतो तेच, आणि ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट जाळं तयार होतं. रंगाचे कण त्या जाळ्यात अडकून राहतात, म्हणून तर अडीचशे वर्षांपूर्वीचं चित्र आजही भिंतीवर आहे.

पण कण जागेवर राहिले म्हणून रंग टिकेलच असं नाही. अशा पोर्ट्रेटमधल्या झग्याच्या लालसाठी चित्रकार हिंगूळ वापरायचे, तो पारा आणि गंधकाचा खनिज रंग, बऱ्यापैकी दणकट. गालांसाठी मात्र रेनॉल्ड्सना कार्माइन आवडायचा, निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून काढलेला. अशा रंगांना चित्रकार 'लेक' म्हणतात आणि हा शब्द आला आपल्या लाखेवरून, संस्कृत लाक्षा, ज्यापासून अळता करायचे तीच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भारी वाटलं होतं.

कार्माइनचा रंग एका सेंद्रिय रेणूतून येतो आणि प्रकाश पडत राहिला की तो रेणू तुटतो. त्यात गालांसाठी तो शिसेयुक्त पांढऱ्यात जरासाच मिसळलेला, म्हणजे मुळात थोडाच, आणि पांढरा रंग प्रकाश परत उसळवत राहतो, म्हणून लाली आधी जाते आणि खाली राहतो तो पांढरा.

वरचं पिवळं पडलेलं व्हार्निश सॉल्व्हंटने काढता येतं, नवीन लावता येतं, पण तुटलेला रेणू परत जोडता येत नाही. म्हणून म्युझियममधे दिवे मंद ठेवतात, त्यात कंजूषी काही नाही.

मूळ रंग शोधायचा असेल तर संवर्धक, म्हणजे जुनी चित्रं जपणारे तज्ज्ञ, फ्रेमच्या कडेखाली झाकलेली पट्टी बघतात, तिथे ऊन पोचलेलं नसतं. नाहीतर टाचणीच्या टोकाएवढा तुकडा घेऊन मायक्रोस्कोपखाली त्याचा आडवा छेद बघतात, आणि कधी कधी वरचा थर पांढरट पडलेला असतो पण खाली गुलाबी अजून तसाच असतो.