आधी पंखा, मग बॅटरी

रिमोटवर चालणारी बोट बांधायची म्हटले की बहुतेक जण पहिली खरेदी बॅटरीची करतात, तीही मोठ्यात मोठी. मग मोटर येते आणि शेवटी हाताला लागेल तो पंखा शाफ्टवर चढतो. शेतातली मोटर असा विचार करून कुणी घेत नाही. विहीर किती खोल, पाणी किती वर चढवायचे, पाइप किती इंची हे पाहून हॉर्सपॉवर ठरते, आणि त्यावरून केबल व स्टार्टर. बोटीचा हिशेबही असाच पाण्याकडून सुरू करायचा असतो. पाणी ढकलतो पंखा, त्यामुळे मोटर किती अँपिअर ओढणार हेही तोच ठरवतो.

पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. फेरे तेच ठेवून, त्याच घडणीचा ३० मिमीऐवजी ३५ मिमीचा पंखा लावला तर लोड दुपटीच्या वर जातो. ४० मिमीचा लावला तर चौपटीच्या वर. लोड आला की मोटर थोडी मंदावते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा इतका चढत नाही. पण मोटर जाळायला तो पुरतो.

७०-७५ सेंमी लांबीची, संथ चालणारी, टगसारखी (जहाजे ओढणाऱ्या बोटीसारखी) बोट धरू. ५५० आकाराची ब्रशवाली मोटर, ३५ मिमीचा पंखा आणि दोन सेलची ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी, एवढ्यावर सुरुवात करता येते. पहिल्या बोटीला ब्रशवालीच मोटर घ्यावी. ती स्वस्त असते आणि अगदी हळू फिरवली तरी धक्के देत नाही. ब्रशलेस मोटर वेगाच्या बोटीला शोभते. तिला तीन वायरी असतात आणि ती उलटी फिरली तर त्यांतल्या कोणत्याही दोन बदलायच्या. थ्री फेज पंप उलटा फिरला की वायरमन दोन फेज बदलतो, तेच तत्त्व.

आता मोजमाप. जनावरांच्या पाण्याचा हौद यासाठी उत्तम. बोट हौदात दोरीने बांधा, बॅटरी आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या मध्ये अँपिअर दाखवणारा वॉटमीटर जोडा आणि पाच-दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. वायरमनकडचा साधा क्लॅम्प मीटर इथे चालत नाही, कारण तो फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा वेगळा मागावा लागतो. मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंजही वापरू नका, पंखा अडकला की तिचा फ्यूज उडतो. पंखा न लावता मोटर दीड-दोन अँपिअरपेक्षा फार जास्त ओढत असेल, तर आधी शाफ्ट आणि कपलिंग एका रेषेत आहेत का ते पाहा. वाकडे कपलिंग बॅटरी खाते, आवाजही करते.

समजा बांधलेल्या बोटीने ९ अँपिअर दाखवले. पुढचे सगळे आता या एका आकड्यावरून ठरते. मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा १५ अँपिअरचा निळा ब्लेड फ्यूज घ्यायचा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला जितका जवळ बसेल तितका जवळ बसवायचा. स्विचच्या पुढे बसवला तर बॅटरी ते फ्यूजमधली वायर संरक्षणाविनाच राहते. फ्यूज लगेच उडत नाही, हेही ध्यानात ठेवा. दुप्पट करंट, म्हणजे ३० अँपिअर वाहिला तरी त्याला काही सेकंद लागू शकतात. तेवढा वेळ कंट्रोलरने तग धरला पाहिजे, म्हणून तो किमान ३० अँपिअरचा हवा. ९ अँपिअर लागतात म्हणून १० चा कंट्रोलर घेतला तर शेवाळ अडकताच फ्यूजच्या आधी तोच जळतो. बोटीसाठी रिव्हर्स असलेला कंट्रोलर निवडा आणि त्यात लिथियमची कटऑफ, म्हणजे व्होल्टेज उतरले की मोटर तोडणारी सोय, सुरू करा; सेल ३.३ व्होल्टखाली जाऊ देऊ नये. बॅटरी ३००० एमएएचची असेल आणि सरासरी ५ अँपिअर जात असतील, तर ८० टक्के क्षमता वापरून साधारण अर्धा तास मिळतो.

वायर १.५ चौरस मिमीची, बारीक तारांची, शक्यतो सिलिकॉन आवरणाची घ्यावी. घराच्या फिटिंगमधली एकेरी जाड तार थरथरीने तुटते. जोड पिळून टेप गुंडाळू नये, कारण उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि ओल शिरून तांबे हिरवे पडते. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. फ्लक्स रोझिनचाच वापरा, अ‍ॅसिडचा वायर कुरतडतो.

कंट्रोलरमधून निघणारी तीन तारांची बारीक केबल रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनलला जाते आणि सर्व्होची, म्हणजे सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरची, केबल स्वतंत्र चॅनलला. या केबलमधली लाल तार रिसीव्हरला सुमारे ५ व्होल्ट पुरवते. दोन मोटरींना दोन कंट्रोलर असतील तर एकाची लाल तार पिनमधून काढून टेपखाली झाकून ठेवा, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात. हा ५ व्होल्टचा पुरवठा लिनियर प्रकारचा असेल तर बॅटरीचा जादा व्होल्टेज उष्णता होऊन जातो. तीन सेलच्या, सुमारे १२ व्होल्टच्या बॅटरीवर अर्धा अँपिअर घेतला की साडेतीन वॉट. झाकलेल्या डेकखाली, एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात, तेवढ्यानेही तो तापून बंद पडू शकतो. मग सुकाणूही जाते. बॅटरी तीनच सेलची असली तरी कमी तापणारा स्विचिंग प्रकार घ्यावा.

ब्रशच्या ठिणग्या रेडिओला त्रास देतात. त्यावर ०.१ मायक्रोफॅरडचे, १०४ छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर लागतात. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या लोखंडी खोळीला. खोळ आधी कानशीने घासा, त्याशिवाय सोल्डर धरत नाही.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. म्हणून अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, शक्यतो डोलकाठीत उभी ठेवावी. तिच्या टोकाची सुमारे ३१ मिमी उघडी तार हीच खरी अँटेना. तरंगलांबी साडेबारा सेंमी, तिचा हा पाव भाग. तो वाकवू वा कापू नका. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर बोटीने काय करायचे या सेटिंगमध्ये, थ्रॉटल न्यूट्रल ठेवा आणि बोट स्टँडवर असताना ट्रान्समीटर बंद करून पंखा थांबतो का ते पाहा. एरवी मात्र आधी ट्रान्समीटर सुरू, मग बोट. बंद करताना उलट.

जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथे बोट चालवू नये. शेततळे सोयीचे, पाणी स्थिर आणि जलपर्णी कमी. पण त्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की काठावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बंद पडलेल्या बोटीसाठी पाण्यात उतरू नका. मासेमारीच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीपलीकडे फेका आणि दोरी हळूहळू ओढून घ्या. मुले बरोबर असतील तर तळ्याच्या काठाला आधी गाठी मारलेला दोर सोडून ठेवा.

घरी आल्यावर डेक उघडून बोट सावलीत वाळवावी आणि शाफ्टच्या नळीत ग्रीस भरावे. बॅटरी गार झाल्यावरच चार्जला लावावी. भारनियमनात बारा व्होल्टच्या इनव्हर्टर बॅटरीवर चालणारा, सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर कामी येतो. आठवडाभर बोट निघणार नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून बॅटरी बोटीबाहेर ठेवा.