पार्श्वभूमी : स्वस्तातले लायनर आणि 125 सीसीची रेघ

खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. एवढ्या काळात पीयूसीवाला धूर मोजतो, वाहतूक पोलीस कागदपत्रे आणि हेल्मेट बघतो. ब्रेक कुणीच बघत नाही. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीचे ब्रेक चाचणीला उतरलेले असतात, पण त्यांचे लायनर, म्हणजे चाक थांबवायला घासला जाणारा ब्रेकवरचा थर, एकदा घासले की त्यांच्या जागी काय बसणार हे गॅरेजवाला आणि मालकाचा खिसा मिळून ठरवतात. "कंपनीचे टाकू की लोकल?" हा मुंबईतल्या गल्लोगल्लीच्या गॅरेजमधला नेहमीचा प्रश्न आहे, आणि महिनाअखेरीला त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते.

स्कूटरच्या काळात पुढे-मागे ड्रम ब्रेकच होते, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबणारे लायनर लावलेले दोन शू. जुन्या शूवर नवे लायनिंग चढवून तोच शू परत बसवणे सर्रास चाले, आणि त्या वेगाला ते कसेबसे निभावून जाई. पुढे 1999 मध्ये सीबीझेड आणि 2001 मध्ये पल्सर या मोटारसायकली आल्या. चाकाबरोबर फिरणारी प्लेट दोन पॅडमध्ये आवळणारा डिस्क ब्रेक साध्या नोकरदाराच्या गाडीवर दिसू लागला. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून ऑपेरा हाउसपर्यंतच्या दुकानांत पॅड, डिस्क प्लेट, मास्टर सिलिंडरचे किट, ब्रेक ऑइल असा नवा माल आला आणि त्याच्या पाठोपाठ त्या मालाच्या नकला.

खरा वादाचा निर्णय मात्र अलीकडचा आहे. 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे, आणि 125 व त्याखालच्या गाड्यांना एबीएस किंवा निदान सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी साधी जोडणी), असा नियम केंद्राने केला. नव्या मॉडेलना तो 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना 1 एप्रिल 2019 पासून लागू झाला. ही रेघ 125 वरच का ओढली, याचे उत्तर किमतीत आहे. एबीएससाठी निदान पुढे डिस्क ब्रेक, सेन्सर आणि हायड्रॉलिक युनिट लागते, आणि शंभर सीसीच्या गाडीचा गिऱ्हाईक हजार-दोन हजारांच्या वाढीनेही बिचकतो. उत्पादकांचे हे म्हणणे खोटे नव्हते. पण देशात सर्वांत जास्त खपणारा गट नेमका याच रेघेखाली राहिला. कुरिअरवाले, जेवण पोचवणारी मुले, विरार-कल्याणकडून रोज गाडीने कामावर येणारे, यांच्या गाड्या बहुतांशी याच गटातल्या.

सीबीएसमध्ये एका ब्रेकच्या दाबावर दोन्ही चाके आवळली जातात. कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा, याचा हिशेब ठरावीक पकडीचे लायनर गृहीत धरून केलेला असतो. पुढे कंपनीचे आणि मागे लोकल असे लायनर पडले की तो हिशेबच कोलमडतो. नियम करताना गाडी नवी असतानाच्या कामगिरीवर भरपूर खल झाला, पण पहिले लायनर बदलल्यानंतर त्या कामगिरीचे काय उरते हे बाजूलाच राहिले. ही चूक माझ्या मते 125 च्या रेघेपेक्षा मोठी आहे. एबीएसवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. एबीएस चाक जॅम होऊ देत नाही, पण पॅडमध्ये नसलेली पकड ते कुठून आणणार? शिवाय हलक्या डिस्क प्लेटबरोबर सेन्सरची दातेरी रिंगही चुकीची बसली, तर एबीएसला चाकाचा वेगच नीट कळत नाही.

स्वस्त मालात नेमके बिघडते काय? ड्रमच्या शूवर लायनर उष्णता देऊन चिकटवलेले असते. चिकटवण हलकी असेल, तर पावसाळ्यातली ओल आणि सिग्नलगणिक ब्रेक मारून तापलेला ड्रम या दोन्हींमुळे ते सुटते, शू आणि ड्रमच्या मध्ये अडकते आणि धावते चाक जाग्यावर जॅम होते. पॅडमधले रेझिन, म्हणजे सारे मिश्रण बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, कमअस्सल असेल, तर लांब उतारावर किंवा सततच्या ब्रेकिंगने तापल्यावर पकड अचानक सुटते. पॅड फाजील कडक असेल, तर तो डिस्क प्लेटच खातो. डिस्क ब्रेकचा दाब तेलातून पोचतो, आणि ते तेल उकळले की ब्रेक लागत नाही. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताज्या स्थितीत किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. ते हवेतली ओल शोषते आणि ओल धरलेल्या तेलासाठी ही मर्यादा 155 अंश आहे. मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली बाटली वापरणे म्हणूनच धोक्याचे. लायनरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय तर गॅरेजमधल्या पोरांच्या फुप्फुसांवर उठते. फुप्फुसांना घातक असलेल्या ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर भारतात आजही सरसकट बंदी नाही, आणि कोऱ्या पाकिटातल्या लायनरमध्ये काय कालवले आहे हे कुणीच सांगत नाही.

बाजार असा वाढायला करानेही हातभार लावला. जुलै 2017 पासून दुचाकीच्या सुट्या भागांवर 28 टक्के जीएसटी होता, म्हणजे ब्रेक शू चैनीच्या वस्तूंच्या रांगेत. बिनबिलाच्या मालाला याहून चांगले दिवस कोणते? सप्टेंबर 2025 मध्ये हा दर 18 टक्क्यांवर आला.

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 182अ आले. सुरक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून अधिसूचित झालेला भाग निकषात न बसता विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दर नगामागे 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. तरीही छाप्यांच्या बातम्यांत बहुधा ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचीच कलमे दिसतात. तक्रार कंपनीचा प्रतिनिधी करतो, जप्त होतात ते तिचे नाव छापलेले खोके. ज्या भुसभुशीत लायनरवर कुणाचेच नाव नाही, त्याने कुणाचा ट्रेडमार्क चोरलेला नसतो आणि तो काउंटरवर तसाच राहतो.

जून 2025 मध्ये केंद्राने नवा मसुदा काढला. इंजिन कितीही सीसीचे असो, 1 जानेवारी 2026 पासून नव्या दुचाकींना एबीएस, असा त्यातला प्रस्ताव होता. उत्पादकांनी मुदतवाढ मागितली आणि वाद पुन्हा किमतीवर आला. 125 ची रेघ पुसण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. पण तो नव्या गाड्यांपुरता आहे. आज रस्त्यावर असलेल्या ड्रम ब्रेकच्या गाड्या नोंदणी संपेपर्यंत धावत राहतील, आणि त्यांचे लायनर त्याच काउंटरवरून येतील.