‘अर्धा एम व्ही वर्ग’: वर्ग आधी आला, अर्धा नंतर

शाळेत शिकलेलं गतिज ऊर्जेचं, म्हणजे गतीमुळे वस्तूत असलेल्या ऊर्जेचं सूत्र आठवा: अर्धा गुणिले वस्तुमान (एम) गुणिले वेगाचा (व्ही) वर्ग. ते कुठून आलं? 1000 किलोग्रॅमची गाडी सेकंदाला 10 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 36 किलोमीटरने चालली आहे. ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रति सेकंदाने घटतो. ती 2 सेकंदांत थांबते आणि तोवर 10 मीटर पुढे जाते. आता वेग दुप्पट करा, ब्रेक तितकाच लावा. वेळ लागेल 4 सेकंद, पण अंतर जाईल 40 मीटर. वेळ दुप्पट, अंतर मात्र चौपट. मग गाडीतली ‘गतीची ताकद’ दुप्पट झाली म्हणायची की चौपट? गाड्या नव्हत्या त्या काळात याच प्रश्नावरून युरोपातले विद्वान अर्धशतकाहून जास्त भांडले.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 मध्ये मांडलं होतं की विश्वातली एकूण गती कायम राहते, आणि तिचं माप म्हणजे वस्तूचा आकार गुणिले चाल. 1686 मध्ये जर्मन गणिती आणि तत्त्वज्ञ लायब्निझने एक छोटा लेख लिहून हे मापच चुकीचं ठरवलं. त्याचा युक्तिवाद फार देखणा आहे. 1 भार 4 हात उंच उचलायला आणि 4 भार 1 हात उंच उचलायला श्रम सारखेच लागतात. तेव्हा खाली पडताना दोघांच्या अंगी आलेली ताकदही सारखीच हवी. पण गॅलिलिओच्या नियमाप्रमाणे चौपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग दुप्पटच होतो. देकार्तच्या हिशेबात एकीकडे 1 गुणिले 2 आणि दुसरीकडे 4 गुणिले 1, म्हणजे 2 आणि 4. हिशेब जुळत नाही. वेगाचा वर्ग घ्या, दोन्हीकडे 4 येतात. या राशीला त्याने पुढे ‘व्हिस व्हिवा’, म्हणजे जिवंत बल, असं नाव दिलं.

प्रयोगाची जोड मिळाली ती 1720 च्या सुमाराला. हॉलंडमधल्या भौतिकशास्त्रज्ञ ’स ग्राव्हेसांडेने मऊ चिकणमातीवर पितळी गोळे सोडून पाहिले. वेग दुप्पट, तर खड्डा चौपट! फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातलेने 1740 च्या आपल्या ग्रंथात लायब्निझची बाजू घेतली, तेव्हा पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सचिव मेरां याने जाहीर पत्र लिहून तिला उत्तर दिलं. तिनेही लगोलग प्रत्युत्तर छापलं. फ्रेंच गणिती दालांबेरने 1743 मध्ये हा सगळा शब्दांचा खेळ असल्याचं म्हटलं. माझ्या मते तो बराचसा बरोबर होता. बलाचा परिणाम वेळेवर मोजला तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मिळतो, अंतरावर मोजला तर वेगाचा वर्ग. ब्रेक लावलेल्या गाडीत दोन्ही पक्ष एकाच वेळी खरे ठरतात.

‘अर्धा’ मात्र इंजिनांच्या काळातला. पाणचक्की किंवा वाफेचं इंजिन किती काम देतं, हे अभियंत्यांना मोजायचं होतं. 1829 मध्ये फ्रेंच अभियंता कोरिओलिसने बल गुणिले अंतर या राशीला फ्रेंचमधला रोजचा शब्द दिला: ‘त्राव्हाय’, म्हणजे काम. (आपल्या पाठ्यपुस्तकातला ‘कार्य’ हा शब्द त्यामानाने फारच भारदस्त.) हे काम आणि जिवंत बल यांची बरोबरी साधायची तर जुन्या राशीचं निम्मं करावं लागतं. आपल्याच गाडीवर ताडून पाहू, वेग दुप्पट म्हणजे सेकंदाला 20 मीटर धरून. ब्रेकचं बल 5000 न्यूटन, अंतर 40 मीटर, म्हणजे कार्य 2,00,000 ज्यूल. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग येतो 4,00,000. दोनाने भागलं की जुळलं. थांबताना गाडीचा वेग सारखा घटत शून्यावर येतो, त्यामुळे तिचा सरासरी वेग सुरुवातीच्या निम्मा असतो. अर्धा येतो तो तिथूनच.

नावं त्यानंतर स्थिरावली. ‘एनर्जी’ हा शब्द थॉमस यंगने 1807 मध्ये या अर्थाने वापरला होता; ‘कायनेटिक एनर्जी’ म्हणजे आपली गतिज ऊर्जा, हे नाव रूढ केलं ते विल्यम थॉमसन आणि टेट यांनी, 1860 च्या दशकात.

एक प्रश्न लायब्निझलाही छळत होता. दोन मऊ वस्तू आपटून जागच्या जागी थांबल्या, तर जिवंत बल गेलं कुठे? 1716 च्या सुमारास इंग्लिश तत्त्वज्ञ क्लार्कला लिहिताना तो म्हणतो की ते नष्ट होत नाही, वस्तूच्या बारीक कणांत विखुरतं, मोठं नाणं मोडून चिल्लर घ्यावी तसं. त्या चिल्लरीची मोजदाद 1840 च्या दशकात इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ ज्यूलने केली: खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते पाहायचं. गाडीचे 2,00,000 ज्यूलही थांबल्यावर मुख्यतः ब्रेकच्या डिस्कमध्येच असतात, उष्णतेच्या रूपात.