लिव्हरपूलचा भाव, सेंधव्याची वाट

जागतिकीकरण म्हटलं की १९९१ पासून मोजायची आपल्याला सवय आहे. खानदेशात तसं मोजता येत नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना. मग मुंबईहून गठाणी निघाल्या, त्यात खानदेशचा मालही होता. भाव कडाडले. १८६५ ला लढाई थांबली आणि भावही कोसळले. लिव्हरपूलच्या कापूस बाजाराचा दर आणि आपला शेतसारा यांची गाठ पडली ती तेव्हापासून.

पुढची गोष्ट मात्र उलट्या दिशेची. १९७२ ला महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी आली. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. चुकारे महिनोन् महिने अडकायचे. साहजिकच शिरपूरकडून सेंधव्याला, रावेरकडून बऱ्हाणपूरला, म्हणजे सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, चोरून गाड्या जायच्या. आपल्याच देशात, आपल्याच शेतातला माल तस्करीचा ठरायचा! गॅट (जागतिक व्यापाराचा करार) आणि डंकेल (त्याच्या वाटाघाटींतला मसुदा) हे शब्द १९९१ नंतर गावात आले तेव्हा अनेकांच्या डोळ्यांसमोर हा सीमेवरचा नाका होता, हे विसरलं की इथला वाद कळत नाही.

डावे, गांधीवादी, स्वदेशीवाले डंकेलच्या विरोधात होते. बियाणं कंपन्यांच्या हातात जाईल ही त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. २००२ ला बीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या, कपाशीला परवानगी मिळाली आणि घरची सरकी पेरणं जवळपास संपलं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मात्र खुल्या बाजाराची बाजू घेतली. भारतीय शेतीची सबसिडी उणे आहे, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देण्याऐवजी त्याचाच भाव पाडतं, हे सरकारनेच गॅटला दिलेल्या आकड्यांतून दिसत होतं आणि त्यांनी तोच मुद्दा धरला.

पण १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली तरी बाजार सरळ झाला नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलर देत राहिली. ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली, २००५ मध्ये अपिलातही निकाल त्याच्या बाजूने लागला. २०१४ ला अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेऊन त्याने प्रकरण मिटवलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या देशांनी २००३ ला संघटनेच्या कॅनकून परिषदेत हीच तक्रार मांडली होती. त्यांना असं काही मिळालं नाही.

आणि आपलं सरकार? मार्च २०१२ मध्ये त्याने कापूस निर्यात एकाएकी बंद केली. म्हणजे बाहेरचा भाव पडला तर तो आपल्या दारात येतो आणि चढला तर दार लागतं. माझ्या मते खानदेशची खरी तक्रार खुलेपणाबद्दल नाही, या एकतर्फी फाटकाबद्दल आहे.

बोदवड-धरणगावकडे गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त करतात. वजनकाट्याची पूजा होते, नारळ फुटतो, मागून कुणीतरी विचारतोच, "काय भाव निंघना?" (काय भाव निघाला?) २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती. भारतीय मालावर अमेरिकेचं ५० टक्के शुल्क त्याच दिवशी लागू झालं. त्याच्या आठवडाभर आधी दिल्लीने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं होतं. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तोवर इथली बरीचशी वेचणी उरकलेली असते.