हेडलाइटसमोर थिजलेलं मांजर

डिसेंबर २०२४ संपता संपता आपल्या नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीत निदान आलं: बर्ड फ्लू, एच५एन१. त्याच सुमारास छिंदवाड्यातल्या पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू सापडल्याची बातमी आली. छिंदवाडा आपल्यापासून सावनेरमार्गे फार तर तीन तासांवर. नागपुरातल्या मांजरवाल्या घरांमध्ये धास्ती पसरणारच होती. ज्याला त्याला एकच प्रश्न पडलेला: आता मांजराला रात्री घरातच ठेवायचं का?

माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. मात्र त्याचं कारण बर्ड फ्लू नव्हे. मार्जारकुळातल्या प्राण्यांना हा विषाणू बहुतेकदा तोंडावाटे गाठतो, आजारी किंवा मेलेला पक्षी किंवा कच्चं कोंबडीचं मांस खाल्ल्यामुळे. थायलंडमध्ये २००४ साली एका व्याघ्र उद्यानात कोंबड्यांचे कच्चे अवशेष खाऊ घातल्यानंतर साथ पसरली आणि मेलेले व मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. मेलेला पक्षी मांजराला भर दुपारीही सापडतो. तेव्हा चिकनच्या दुकानातून मांजरासाठी मागून आणलेले तुकडे शिजवल्याशिवाय देऊ नका, आणि साथीच्या दिवसांत त्याला दिवसाही बाहेर सोडू नका. रात्रीचा मुद्दा वेगळा आहे. तो मांजराच्या डोळ्यांत दडलेला आहे, आणि मला त्याचंच फार वेड आहे.

मांजराला मिट्ट काळोखात दिसतं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. तसं काही नाही. प्रकाशाचा एक कणही नसेल तर मांजर तुमच्या-माझ्याइतकंच आंधळं. मात्र आपल्याला दिसण्यासाठी किमान जितका उजेड लागतो, त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं. चांदण्या रात्री कंपाउंडच्या भिंतीवरून ते सरळ चालत जातं, ते एवढ्याच भांडवलावर.

हे कसं जमतं? दहावीच्या पुस्तकात दृष्टिपटलावरच्या दोन प्रकारच्या पेशी होत्या, आठवत असतील. शंक्वाकार पेशी रंग आणि बारकावे टिपतात, त्यांना भरपूर उजेड हवा. दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात, रंग त्यांना कळत नाहीत. दंडाकार पेशीत पातळ चकत्यांची चवड असते आणि त्या चकत्यांत ऱ्होडॉप्सिन हा पदार्थ ठासून भरलेला असतो. ऱ्होडॉप्सिन म्हणजे एक प्रथिन आणि त्याच्या पोटात बसलेला रेटिनल नावाचा चिमुकला रेणू. हा रेणू अ जीवनसत्त्वापासून बनतो. अंधारात तो वाकून बसलेला असतो. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, येऊन आदळला की तो ताठ होतो. बस्स. पाहण्याची सारी सुरुवात या एका रेणूचा बाक जाण्यातून होते.

रेणू ताठ झाला की त्याला धरून बसलेल्या प्रथिनाचा आकार बदलतो. ते प्रथिन ट्रान्सड्यूसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे अनेक रेणू एकामागून एक जागे करतं. ते फॉस्फोडायएस्टरेज या विकराला कामाला लावतात. हे विकर सायक्लिक जीएमपीचे रेणू भराभर तोडत सुटतं. पेशीच्या पटलातली जी दारं या सायक्लिक जीएमपीमुळे उघडी राहिलेली असतात, ती मग मिटतात आणि आत येणारा सोडिअम-कॅल्शिअमचा लोंढा थांबतो. यातली गंमत ध्यानात आली का? दंडाकार पेशीत विद्युतप्रवाह वाहतो तो अंधारात. उजेड पडला की तो बंद होतो, आणि मेंदूकडे खबर जाते ती प्रवाह थांबल्याची. सगळा कारभार उलटा! वरच्या चार-पाच वाक्यांत रसायनांची नावं जड गेली असतील तर सोडून द्या. एक फोटॉन, एक ताठ झालेला रेणू आणि त्यातून वाढत गेलेला मोठा परिणाम, एवढं पुढच्यासाठी पुरे.

आता खरी मेख. हेख्ट, श्लेर आणि पिरेन या तिघांनी १९४२ साली माणसांवर प्रयोग करून दाखवलं की आपली दंडाकार पेशीसुद्धा एकट्या फोटॉनची दखल घेते. एकापेक्षा कमी फोटॉन नसतो. म्हणजे पेशीच्या पातळीवर मांजर आपल्या पुढे जाऊच शकत नाही. त्याची सगळी करामत आहे ती फोटॉन गोळा करण्यात. अंधारात त्याची बाहुली जवळजवळ अख्खा डोळा व्यापते. दंडाकार पेशींची दाटी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय पुष्कळ पेशींचे संदेश एकाच मज्जातंतूवर एकवटतात, त्यामुळे क्षीण संदेशही हरवत नाही. त्याची किंमत मोजावी लागते ती बारकाव्यांत: आपल्याला शंभर फुटांवरून नीट दिसणारी वस्तू ओळखायला मांजराला वीस फुटांपर्यंत यावं लागतं.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे टॅपेटम ल्युसिडम. दृष्टिपटलाच्या मागे पसरलेला हा चकचकीत थर. दंडाकार पेशींच्या जाळ्यातून जे फोटॉन न अडकता पार होतात, ते आपल्या डोळ्यात मागच्या काळ्या थरात शोषले जातात, वाया जातात. मांजराच्या डोळ्यात टॅपेटम त्यांना उलट पाठवतो. चाळणीतून निसटलेला रवा पुन्हा चाळणीत ओतावा तसा. त्याच पेशींना दुसरी संधी मिळते. दुसऱ्या फेरीतही जे सापडत नाहीत, ते ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं बाहुलीबाहेर पडतात. बॅटरीच्या झोतात मांजराचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात ते यामुळे. डोळा स्वतः उजेड निर्माण करत नाही. तुमचाच उजेड तुम्हाला परत येतो. पर्सी शॉ या इंग्रज गृहस्थानं १९३४ साली याच तत्त्वावर रस्त्यात बसवायच्या परावर्तकांचं पेटंट घेतलं. त्यांना इंग्लंडमध्ये आजही मांजराचे डोळेच म्हणतात.

हाच डोळा रिंग रोडवर काय करतो ते बघा. मांजर दुभाजकातल्या झुडपात दबा धरून आहे. बाहुल्या पूर्ण उघड्या, दंडाकार पेशी एकेका फोटॉनच्या प्रतीक्षेत. अशात मानेवाड्याकडून पांढऱ्याशुभ्र एलईडी हेडलाइटची गाडी येते. फोटॉनचा पूर लोटतो. झाडून सगळी दारं एकदम मिटतात आणि पेशीकडे पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. उजेड दुप्पट झाला काय नि दहापट झाला काय, तिचा निरोप तोच. टॅपेटम तर तो पूर आणखी एकदा उलटा फिरवतो. शंक्वाकार पेशींनी कारभार हाती घ्यावा, तर मांजराकडे त्या थोड्या, आणि त्यांनाही सावरायला अवधी लागतो. बाहुली आकसून बारीक उभी फट होते खरी, पण तीही क्षणात नाही.

गाडी निघून गेली तरी भोग संपत नाही. ताठ झालेला रेटिनल प्रथिनाला सोडून बाहेर पडतो, मागच्या थरातल्या पेशींमध्ये जाऊन पुन्हा वाकवला जातो आणि मग माघारी येतो. उजेड जितका प्रखर आणि जितका वेळ पडला, तितकी ही ये-जा लांबते. मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीहून घरात शिरल्यावर माठ कुठे आहे हेही आपल्याला क्षणभर दिसत नाही. तेव्हा आपल्या डोळ्यात हेच चाललेलं असतं, आणि माणसाला पुरतं सावरायला वीस-तीस मिनिटं लागतात.

दुर्दैव असं की चालकाला अंधारात मांजर आधी दिसतं ते त्याच्या डोळ्यांच्या चमकेमुळे. डोळे चमकण्यासाठी मांजरानं गाडीकडे पाहायला हवं. म्हणजे ज्या घडीला ते तुम्हाला दिसलं, नेमकं त्याच घडीला ते दिपलेलं असतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पन्नास मीटरवर डोळे चमकले तर दोघांच्याही हातात तीन सेकंद. इंग्लंडमध्ये आयरीन रॉक्लिट्झ यांनी गाडीखाली आलेल्या मांजरांचा अभ्यास केला, तेव्हाही अपघातांचं पारडं रात्रीकडेच झुकलं होतं.

मांजर आडवं गेलं म्हणून गाडी थांबवून दोन मिनिटं खोळंबणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. अपशकुन झालाच असेल तर तो मांजराला झाला, गाडीवाल्याला नव्हे. मांजर चिरडलं तर पापक्षालनासाठी सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं म्हणतात. त्यापेक्षा ब्रेक दाबणं स्वस्त पडेल. याच पठडीतला नवा माल म्हणजे मांजरासाठी जीपीएसचे पट्टे. मांजर कुठे मेलं ते मोबाइलवर कळेल. ते मरू नये यासाठी पट्ट्याचा उपयोग शून्य.

मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांबद्दल नागपूरकरांना सांगायला नको. पावसाळ्यात मण्यारही रात्रीच फिरते, आणि मांजराला सरपटणारं काहीही खेळणंच वाटतं.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र ‘रात्री घरात’ हा नियम लोक समजतात तितका उपयोगी नाही. रात्री मांजराच्या तावडीत सापडतात ते उंदीर, चिचुंद्र्या, पाली. बुलबुल आणि दयाळ सापडतात पहाटे, कारण मांजर हा मुळात संधिप्रकाशातला शिकारी आहे. नागपुरात मार्च ते जून या काळात धड उडता न येणारी पिल्लं झाडाखाली फडफडत असतात, आणि उजाडताच त्यांचे आईबाप किडे शोधायला खाली उतरतात. रात्रभर कोंडलेलं मांजर पाच वाजता दूधवाल्यासाठी दार उघडताच सटकलं, तर पक्ष्यांच्या दृष्टीनं तुम्ही काहीच केलं नाही. गळ्यात घुंगरू बांधण्याचाही भरवसा धरू नका. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घंटीचा काही परिणाम आढळला नाही. उलट भरपूर मांसाचं अन्न दिल्यावर घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्के.

अन्नाचा हा मुद्दा दूधपोळीवर मांजर पाळणाऱ्या घरांसाठी महत्त्वाचा. मांजराला टॉरिन हा पदार्थ मांस-मासळीतूनच मिळतो. वर्षानुवर्षं तो मिळाला नाही तर दृष्टिपटलाच्या पेशी मरू लागतात आणि ती दृष्टी परत येत नाही. गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवणंही त्याला जमत नाही, म्हणजे वर सांगितलेला तो वाकणारा रेणूसुद्धा प्राणिज अन्नातूनच यायला हवा. घरात अंडं-मटण चालत नसेल तर किमान बाजारातलं मांजरांचं तयार खाद्य आणा, नाहीतर मांजर पाळू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

“मांजराले रात्री कोंडाचं म्हणजे पापच ना बाप्पा!” असं आमच्या शेजारच्या काकू म्हणतात. त्यांची कळकळ समजते, पण मांजराचं घड्याळ वाटतं तितकं पक्कं नसतं. इटलीतल्या मेसिना विद्यापीठात २०१३ साली दोन गटांची तुलना झाली. माणसांच्या सहवासात, घरात राहणाऱ्या मांजरांनी माणसांची दिनचर्या उचलली. रोज रात्री बाहेर ठेवलेली मांजरं हळूहळू निशाचर झाली. रात्रीचं भटकणं बरंचसं आपणच लावलेली सवय असते.

म्हणून वेळा अशा ठेवा. दिवेलागणीच्या आधी हाक मारून मुख्य जेवण द्यायचं आणि लगेच दार लावायचं. डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो, तेव्हा ऑफिसहून सातला येऊन हाका मारण्यात अर्थ नाही. दुपारीच आत घ्या. सकाळी सूर्योदयानंतर निदान तासभर दार उघडू नका. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, म्हणजे साडेसहा. रात्रीसाठी कोपऱ्यात वाळूचा ट्रे आणि पाणी हवंच.

उन्हाळ्यात नागपुरातली सगळ्यात मोठी पळवाट कूलरची. खिडकीची झडप काढून कूलर बसवतात आणि बाजूची फट थर्माकोलनं बुजवतात. मांजराचं डोकं गेलं की बाकीचं अंग मागोमाग जातंच. तिथे प्लायवूड ठोका किंवा जाळी खिळवून घ्या. नसबंदी न केलेला बोका मात्र जाळीला दाद देणार नाही. रात्रभर असा ओरडेल की ऱ्होडॉप्सिन, टॅपेटम सगळं विसरून तुम्ही दोन वाजता स्वतःच दार उघडाल. त्याची नसबंदी पशुवैद्याकडून आधी उरकून घ्या, आणि त्याच खेपेला रेबीजची लसही टोचून घ्या.