वजनाच्या ऑपरेशनआधी झोपेची टेस्ट कशाला? आणि त्या रात्रीची तयारी

वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं की टेस्टांची एक लांबलचक यादी हातात पडते. रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, टूडी इको हे सगळं लोक निमूटपणे करून येतात, पण 'स्लीप स्टडी' या ओळीवर आले की गाडी अडते. ऑपरेशन पोटाचं, मग झोपेचा काय संबंध? वर एक रात्र घराबाहेर काढायची, खर्च वेगळा, आणि घरचे म्हणणार की अहो तुम्ही तर पाठ टेकली की दोन मिनिटात घोरायला लागता, तुम्हाला कसली आलीये झोपेची टेस्ट.

तर या रिपोर्टची वाट सर्जनपेक्षाही जास्त भूल देणारे डॉक्टर बघत असतात. आपल्या जिभेच्या मागे घशाचा जो भाग आहे त्याला हाडाचा आधार नाही, तिथले स्नायू ताणलेले असतात म्हणून तो उघडा राहतो. झोपेत स्नायू सैल पडतात, त्यात मानेत आणि जिभेत चरबी असेल तर वाट अरुंद होते, आधी घोरणं आणि मग काही सेकंद हवाच बंद. छाती ओढतच असते पण आत काही जात नाही, ऑक्सिजन उतरायला लागतो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस एक मोठा फुर्रर्र आवाज करून श्वास घेतो आणि परत झोपतो, सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात. (हो, जिभेतसुद्धा चरबी असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एमआरआय करून दाखवलं की वजन उतरल्यावर अॅप्निया सुधारतो त्यात जिभेतली चरबी कमी होण्याचा वाटा सगळ्यात मोठा.)

म्हणजे रोज रात्री तुम्हाला वाचवतंय काय, तर मेंदूचं ते क्षणभर जागं होणं. आणि भुलीची औषधं, ऑपरेशननंतरची अफूच्या जातीतली पेनकिलर नेमकं तेच दाबून टाकतात, स्नायू अजून सैल करतात ते वेगळंच. त्यात पोटाचा घेर मोठा असला की उताणं झोपल्यावर पोट वर छातीकडे ढकललं जातं, फुफ्फुसात हवेचा साठा कमी राहतो, त्यामुळे श्वास अडला तर ऑक्सिजन बारीक माणसापेक्षा फार पटकन घसरतो. हे आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ औषधं बदलतात, डोकं उंच ठेवतात, रात्रभर मॉनिटर लावून ठेवतात. माहीत नसेल तर ऑपरेशन झकास होऊनही रात्री वॉर्डमध्ये गडबड होऊ शकते. वजनाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांची झोप तपासली तर निम्म्याहून जास्त लोकांना अॅप्निया निघतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तोवर पत्ताच नसतो.

मग सगळ्यांनाच टेस्ट करायची का? काही ठिकाणी सरसकट करतात, काही ठिकाणी आधी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी भरून घेतात, ही टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांच्या टीमने २००८ मध्ये आणली. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मान ४० सेंटीमीटरपेक्षा जाड, आणि पुरुष आहात का. प्रत्येक 'हो' ला एक मार्क, ३ पासून धोका मध्यम आणि ५ पासून जास्त. आता गंमत बघा, पन्नाशी ओलांडलेला बीपीवाला पुरुष ऑपरेशनसाठी आला आणि बीएमआय ३५ च्या वर असला तर झोपेबद्दल एक शब्द न विचारता त्याचे ४ मार्क झाले. यादीत नसलेली एक गोष्ट मात्र मी डॉक्टरांना आवर्जून सांगायला सांगेन, रात्रीतून तीन-तीनदा लघवीला उठणं. लोक शुगरवर नाहीतर प्रोस्टेटवर खापर फोडतात, पण बंद घशाविरुद्ध छाती ओढत राहिली की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, त्यातून एक हार्मोन सुटतं आणि ते किडनीला पाणी बाहेर टाकायला लावतं.

तारीख घेताना एकच बघा, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात टेस्ट ठेवू नका. अॅप्निया निघाला तर झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन घेऊन त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि ऑपरेशनआधी लिव्हर लहान करायला जे लिक्विड डाएट देतात ते चालू असताना रात्रभर लॅबमध्ये पडायचं म्हणजे भुकेनेच झोप लागायची नाही.

आता तयारी. इथे बहुतेक जण एक गडबड करतात, त्यांना वाटतं टेस्टमध्ये 'छान' झोपायचंय. तसं नाहीये. रोजची वाईट झोप जशी आहे तशी लॅबमध्ये न्यायची आहे, घोरण्यासकट. त्यामुळे त्या दिवशी वेगळं काही करू नका, फक्त दुपारची डुलकी काढू नका आणि दुपारनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण ५ तास घेतं, म्हणजे ४ च्या चहातलं अर्धं ९ वाजता अंगात असतं. दारू घशाचे स्नायू अजून सैल करते आणि श्वास अडण्याचा आकडा फुगवते म्हणून त्या रात्री नको, पण कुणाला रोज भरपूर प्यायची सवय असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं, तिथे लाज न बाळगता डॉक्टरांना आधीच सांगा. झोपेच्या गोळीचंही तेच, आपल्या मनाने घ्यायची नाही आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला, इन्सुलिन असेल तर सोबत न्या आणि टेक्निशियनला सांगून ठेवा, जेवण हलकं करून जा.

डोक्याला तेल लावू नका. हे ऐकून आपल्याकडच्या बायका (आणि मामालोक) नाराज होतात पण कारण पक्कं आहे. डोक्यावर जे इलेक्ट्रोड लावतात ते मेंदूच्या लहरी पकडतात, आणि त्या असतात ५०-१०० मायक्रोव्होल्टच्या आसपास. घड्याळातला साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे या लहरी त्याच्या पंधरा ते तीस हजार पट दुबळ्या. मध्ये तेलाचा थर आला की सिग्नल गेलाच. सकाळी शॅम्पू करून केस पूर्ण वाळवून जा, कंडिशनर, जेल, चेहऱ्याला क्रीम काही नको. दाढी असेल तर लॅबला आधी विचारा, हनुवटीवर पण इलेक्ट्रोड चिकटवायचे असतात. नेलपॉलिश निदान एका हाताचं काढा, बोटाचा ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश नखातून पार सोडून ऑक्सिजन मोजतो, गडद रंग मध्ये आला की आकडा चुकू शकतो. कपडे दोन तुकड्यांचे आणि सैल, शर्ट-पायजमा, कुर्ता-सलवार, कारण छातीला, पोटाला पट्टे आणि पायाला वायरी लागतात, गाऊन घातला तर सगळंच अवघड होऊन बसतं. घरची उशी नेलीत तर उत्तम.

लॅबमध्ये वायरी लावायलाच पाऊण-एक तास जातो. मी मामांबरोबर गेलो होतो तेव्हा टेक्निशियन टेप घेऊन डोकं मोजत होता, पेन्सिलीने खुणा करत होता, मग खरखरीत जेलने ती जागा घासून पांढऱ्या पेस्टमध्ये बुडवलेली वाटीसारखी छोटी इलेक्ट्रोड दाबून बसवत होता. डोळ्यांच्या बाजूला दोन, हनुवटीवर, छातीवर, दोन्ही पायांच्या नडग्यांवर, नाकात बारीक नळी, गळ्याशी घोरण्याचा माइक. सगळ्या वायरी एका छोट्या डब्यात. मग लाइट बंद आणि शेजारच्या खोलीतून स्पीकरवर सूचना सुरू, डोळे मिटा, मान न हलवता डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दात आवळा, पाय हलवा, आणि आता काका, घोरून दाखवा. मामा इतके लाजले की आवाजच निघेना, मामी म्हणाली त्यांना दहा मिनिटं झोपू द्या मग हवं तितकं ऐका. हा पोरखेळ नाही, प्रत्येक सेन्सर बरोबर चालतोय की नाही ते तपासायची पद्धत आहे. लघवीला उठायचं असेल तर नुसती हाक मारायची, टेक्निशियन येऊन एक प्लग काढतो आणि तो डबा हातात घेऊन जाता येतं, त्यामुळे संकोच करून रात्रभर दाबून बसू नका.

झोपच नाही लागली तर? हा प्रश्न सगळ्यांचा. नवीन जागी पहिल्या रात्री झोप कमीच लागते. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात २०१६ मध्ये हे तपासलं तेव्हा दिसलं की नवीन जागी पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या बाजूचा काही भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, अर्धवट पहाऱ्यावर असतो. लॅबवाल्यांना हे ठाऊक असतं, तुटक तुटक झोपेतूनही श्वासाचा हिशोब बहुतेक वेळा निघतो. पण पहाटे ४ ला 'झाली ना टेस्ट, जातो घरी' मात्र करू नका. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, पहाटेकडे जास्त असते, तिच्यात स्नायू जवळजवळ लुळे पडतात आणि अॅप्निया सगळ्यात वाईट तिथेच दिसतो. थोडा वेळ उताणंही झोपा, कारण जीभ मागे पडते ती उताणं झोपल्यावर आणि ऑपरेशन टेबलवर तुम्ही उताणेच असणार.

मध्यरात्री टेक्निशियनने उठवून नाकावर मास्क चढवला तर घाबरू नका. पहिल्या काही तासातच अॅप्निया जोरदार दिसला तर बरेचदा उरलेल्या रात्रीत सीपॅप लावून किती प्रेशर लागतं ते ठरवतात, दुसरी रात्र वाचते. सीपॅप म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी याबद्दल पहिल्यांदा लिहिलं, सुरुवातीच्या मशीनला व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती. आताची इतकी शांत आहेत की शेजारी झोपलेल्या माणसाला घोरण्यापेक्षा ती शंभरदा परवडतात.

घरी करायची टेस्ट मिळते, स्वस्तही पडते, पण त्यातली बरीच मशीन मेंदूच्या लहरी घेत नाहीत, म्हणजे तुम्ही नक्की किती वेळ झोपलात हे त्यांना कळत नाही. रिपोर्टमधला मुख्य आकडा एएचआय, तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला. ५ च्या आत नॉर्मल, १५ च्या आत सौम्य, ३० च्या आत मध्यम, ३० पासून पुढे तीव्र. समजा १५० वेळा अडला आणि झोप झाली ५ तास, तर एएचआय ३०, तीव्र. तेच घरच्या मशीनने ८ तास रेकॉर्डिंग धरून भागलं तर १९ च्या आत येतो, मध्यम. लक्षणं ठळक असताना घरची टेस्ट 'नॉर्मल' आली तर तिच्यावर विसंबू नका, लॅबची मागा. आणि रिपोर्टमध्ये एएचआयच्या खाली 'सगळ्यात कमी ऑक्सिजन' असा एक आकडा असतो, तोही डॉक्टरांना विचारा, भूलतज्ज्ञाची नजर तिथे आधी जाते.

सीपॅप सांगितलं तर ऑपरेशनच्या आधीपासून रोज रात्री लावायचं, भले पहिले काही दिवस टीव्ही बघताना तासभर लावून सवय करा. बऱ्याच जणांना भीती असते की ऑपरेशननंतर मशीनची हवा पोटात जाऊन टाके उसवतील, पण पोटाच्या बायपासच्या (वजनाच्याच ऑपरेशनचा एक प्रकार, हृदयाचा नव्हे) पेशंटवर झालेल्या अभ्यासांमध्ये सीपॅपमुळे टाक्यांतून गळती वाढलेली दिसली नाही, डॉक्टर स्वतःच लावायला सांगतात. दवाखान्यात जाताना आपलं मशीन आणि आपलाच मास्क घेऊन जा, नाव लिहून, कारण तिथला मास्क तुमच्या चेहऱ्याला बसेलच असं नाही आणि त्या रात्री बदलाबदली करायची ताकद कुणात नसते.

पुढे वजन उतरायला लागलं, घोरणं थांबलं, की मशीन माळ्यावर टाकायचा मोह होतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं लोकांच्या झोपेची नोंद ठेवली, त्यात १० टक्के वजन उतरलं की एएचआय सरासरी २६ टक्के कमी होताना दिसला. सर्जरीत वजन याहून बरंच जास्त उतरतं, त्यामुळे अॅप्निया पार जाऊही शकतो, पण ३० चा १२ झाला तरी घोरणं बंद पडल्यासारखं वाटतं. मशीनचं आधी ठरवलेलं प्रेशर मात्र तेव्हा जास्त पडायला लागतं, पोट फुगतं, मास्क फिरून गालावरून हवा सुटते. असं झालं की मशीन बंद करायचं नाही, लॅबला फोन करून प्रेशर कमी करून घ्यायचं, आणि वजन स्थिरावलं की तेल न लावता परत एक रात्र तिथे जाऊन झोपायचं.